आधी बुश बघा

जुनी मोटार विकायला काढलेल्या माणसाला मी एक प्रश्न हटकून विचारते: लोअर आर्मचे बुश शेवटचे कधी बदलले होते? उत्तर सहसा येत नाही. ऑइल कधी बदललं ते तारखेसह सांगणारे असतात, टायर कुठल्या दुकानातून किती घासाघीस करून घेतले ते सांगणारे असतात, दिवाळीत शिवून घेतलेल्या सीट कव्हरचे फोटो दाखवणारेही असतात. बुश कुणाच्याच हिशेबात नसतो. आणि 'गाडीत आता पहिल्यासारखी मजा राहिली नाही, काढून टाकू' म्हणून जी मोटार दारातून हलते, तिला पुष्कळदा या बुशांपलीकडे दुसरं काही झालेलं नसतं.

त्यातही जी गाडी वेगासाठी आणि वळणासाठी बनवलेली आहे, तिच्या बाबतीत हे अधिकच खरं. तिचं इंजिन दमदार असतं, ते सहजी थकत नाही. थकतं ते रबर. ते बदलणं महागही नाही आणि अशक्यप्राय तर मुळीच नाही, पण काम नीट व्हावं लागतं. ते नीट व्हावं यासाठी आपल्याकडे ना गॅरेजला घाई आहे, ना कंपनीला, ना सरकारला. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती नीट सांगायची तर थोडं खोलात जावं लागेल.

माझं पोटच या रबरावर भरलं. वाळूज एमआयडीसीत रबर आणि लोखंड एकमेकांना कायमचं चिकटवणाऱ्या एका कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत क्वालिटी विभागात होते. इंजिन माउंटिंग, आर्मचे बुश, शॉकच्या टोकांचे बुश, असाच सगळा माल. घरी येऊन साबणानं हात धुतले तरी गंधकाचा वास जात नसे.

बुश दिसायला अगदी साधा. बाहेर लोखंडाची एक नळी, आत तिच्याहून बारीक दुसरी, आणि दोहोंच्या मधे रबर. चाकाला धरून ठेवणारा आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे हा बसतो. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती सांगाड्याला करकचून आवळली जाते. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली. चाक वर-खाली झालं की आर्म हलतो आणि मधलं रबर पिळलं जातं. इथे काहीच एकमेकांवर घासत नाही, त्यामुळे ग्रीस लागत नाही. खड्ड्याचा दणका आणि टायरची घरघर त्या रबरात जिरते. शिवाय ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे रेटतो, वळताना बाजूला रेटतो. तो सगळा रेटा सोसून चाकाचा कोन जिथल्या तिथे राखायचा. एकाच तुकड्यानं एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला ताठ राहायचं, हे त्याचं काम.

माझी गाडी म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस, पहिल्या पिढीतली. जालना रस्त्यानं शहराबाहेर पडलं की शेंद्रा लागतं, तिथल्या स्कोडाच्या कारखान्यात जोडलेली. तेव्हा आमचं शहर औरंगाबाद होतं. १७८१ सीसीचं टर्बो इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसला १८० होती, आपल्याला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं. पण साध्या सेदान गाड्या शंभराच्या आतबाहेर असायच्या त्या काळात ही गाडी रस्त्यावर सणसणत जायची. मी ती एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. त्यांनी ती जपून वापरली होती आणि पुष्कळदा नुसती उभी ठेवली होती.

उभी गाडीही म्हातारी होते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. रबराला किलोमीटर कळत नाहीत. हवेतला ओझोन ताणाखाली असलेल्या रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो, इंजिनाची उष्णता त्याला कडक करत जाते, आणि इंजिनाखाली तेल ठिबकत असेल तर तेच रबर फुगून लिबलिबीत होतं. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल यांचं हाडवैर आहे. 'थोडं ठिबकतंय, चालतंय' म्हणणाऱ्यांनी ते थेंब नेमके कशावर पडताहेत ते एकदा वाकून बघावं.

घरातल्या माणसाचं वजन वाढलेलं घरच्यांना दिसत नाही. बुशची झीजही तशीच महिनोन्महिने हळूहळू होत असल्यानं चालवणाऱ्याचे हात तिच्याशी जुळवून घेत राहतात. दौलताबादच्या घाटात पूर्वी स्टेअरिंग एकदा वळवलं की गाडी त्या रेषेवर जायची. आता वळणाच्या मधेच पुन्हा थोडं आत, थोडं बाहेर करावं लागतं. ब्रेक जोरात दाबला की पुढचं टोक एका बाजूला ओढ घेतं. स्पीडब्रेकरवरून उतरताना खालून एक 'टक' ऐकू येतो. टायर आतल्या कडेनं जास्त झिजू लागतात आणि दर वेळी अलाइनमेंट करूनही पुन्हा झिजतात. अलाइनमेंटचं यंत्र उभ्या गाडीचा कोन मोजतं. फाटलेला बुश उभ्या गाडीत शहाण्यासारखा जागेवर बसलेला असतो. तो जागा सोडतो ते ब्रेक लागल्यावर आणि वळणावर.

ही लक्षणं घेऊन मी एका सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या तरुणानं गाडी अंगणात एक चक्कर फिरवली आणि चारही शॉक आणि त्यांच्या माउंटिंगचं कोटेशन माझ्या हातात ठेवलं. मी विचारलं, "बुश पाहिलेत?" तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या जुन्या गाडीत बुशचं काय घेऊन बसता?" बावीस-पंचविशीचा पोरगा. त्याचा दोष मी धरत नाही. महिनाअखेर त्याला बिलाचा आकडा दाखवायचा असतो आणि शॉकचा आकडा बुशच्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

मोंढा नाक्याच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद आहेत. त्यांनी गाडी वर घेतली, आर्म आणि सांगाडा यांच्या मधे टॉमी, म्हणजे लहान पहार, घातली आणि हलकेच दाबली. मागचा मोठा बुश अक्षरशः उघडला. रबराचा पदर एका बाजूनं मधोमध फाटलेला, आतल्या नळीभोवती काळी पूड. "देखो ताई," ते म्हणाले, "शॉकां अच्छे हैं. इसकाच काम तमाम हुआ." तपासणी एवढीच. कॉम्प्युटर नाही, स्कॅनर नाही. ती टॉमी प्रत्येक गॅरेजात असते. ती घालून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि म्हणूनच कदाचित कुणी बघत नाही, कारण त्या मिनिटांचं बिल करता येत नाही.

बुशचा खर्च, प्रेसवाल्याची मजुरी, उस्तादांचे पैसे आणि अलाइनमेंट, हे सगळं मिळून त्या कोटेशनच्या चौथाईपर्यंतही गेलं नाही.

आता बुश कुठला घ्यायचा? इथे मला थोडं कारखान्यात जावं लागेल. चांगला बुश असा बनतो: नळ्यांवरचं तेल, गंज काढून त्यांना फॉस्फेटचा थर देतात, मग प्रायमर, मग चिकटद्रव्य. मग नळ्या साच्यात ठेवून मधे कच्चं रबर दाबानं भरतात आणि दीडशे अंशांच्या आसपास तापवतात. रबर शिजतं आणि त्याच वेळी लोखंडाला धरतं. पण गंमत पुढे आहे. साच्यातून निघून थंड होताना रबर आकसतं, आणि दोन्ही बाजूंनी चिकटलेलं असल्यामुळे आतल्या आत ताणलं जातं. ताणलेल्या रबराला भेग लवकर पडते. म्हणून बुश थंड झाल्यावर बाहेरची नळी दाबून तिचा व्यास किंचित कमी करतात. ताण निघून जातो, रबर उलट दाबाखाली येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. स्वस्त नकली मालात हाच टप्पा गाळलेला असतो. बाहेरून दोन्ही बुश सारखेच काळे, सारखेच चकचकीत. वर्षभरात फरक कळतो.

आमच्याकडे प्रत्येक लॉटमधले काही बुश मुद्दाम फाडून बघायचे असत. नियम असा, की फाटायचंच तर रबर फाटलं पाहिजे. जोड सुटून लोखंड उघडं दिसलं की तो लॉट नापास. कितीही घाईची ऑर्डर असो. मालकांशी माझी भांडणं झाली असतील तर याच कारणावरून.

विकत घेणाऱ्याला हे फाडून बघता येत नाही, पण एक गोष्ट बघता येते. पुष्कळ चांगल्या रबरी भागांवर साच्यातच कोरलेली बारीक तबकडी असते. तिच्यावर महिना आणि वर्ष वाचता येतं. बंद झालेल्या गाडीचा 'ओरिजिनल, सीलबंद' माल म्हणून जे विकतात तो दुकानाच्या माळ्यावर पत्र्याखाली कित्येक उन्हाळे शिजलेला असू शकतो. सीलबंद खोक्यातही रबराचं वय वाढतच असतं. जुन्या गाडीसाठी नवं रबर हवं, जुनं नवं रबर नको.

या ठिकाणी माझा आणि माझ्या बहिणीच्या मुलाचा वाद होतो. तो पुण्यात असतो, शनिवार-रविवारी मित्रांबरोबर ताम्हिणी घाटात गाड्या काढतो. त्याचं म्हणणं, "मावशी, रबर विसर. पॉलीयुरेथेन टाक. एकदा टाकलं की आयुष्यभर बघायला नको." ही मुलं गाडीवर प्रेम करतात, स्वतः खाली झोपून काम करतात, याचं मला कौतुक आहे. पण या मुद्द्यावर ती चुकताहेत.

रबर ही काही इंजिनिअरनं पैसे वाचवायला केलेली तडजोड नाही. १९५९ च्या मिनीत अ‍ॅलेक्स मोल्टननं स्प्रिंगच्या जागीच रबराचे शंकू बसवले होते आणि त्या गाडीनं पुढे मोंटे कार्लो रॅली जिंकली. १९७७ मध्ये पोर्शेनं ९२८ ही गाडी आणली, तिच्या मागच्या अ‍ॅक्सलला कंपनीच्या संशोधन केंद्राच्या गावावरून वाइसाख म्हणतात. वळणात घाबरून पाय काढला किंवा ब्रेक दाबला की त्या काळच्या वेगवान गाड्यांची मागची चाकं रबराच्या लवचिकपणामुळे किंचित बाहेर तोंड करायची आणि गाडी गर्रकन फिरायची. पोर्शेच्या लोकांनी त्या लवचिकपणाशी भांडण केलं नाही. जोडणी अशी बदलली की तोच रेटा आल्यावर चाक आत वळावं. १९८३ च्या दुसऱ्या गोल्फमध्ये मागच्या बीमचे बुश याच विचारानं तयार केले, वळताना बीम बाजूला सरकला तरी चाकांची दिशा बिघडू नये म्हणून. माझी ऑक्टाव्हिया त्याच घराण्यातली, चौथ्या गोल्फच्या पायावर उभी. तिच्या मागच्या बीमचे बुश तिरके बसवलेले आहेत. तो तिरकेपणा कारखान्यातली चूक आहे असं समजून 'सरळ करून देऊ का' असं मला एका जागी विचारलं होतं.

म्हणजे रबर कुठे किती वाकावं हे कुणीतरी मोजून ठरवलेलं असतं. पॉलीयुरेथेन त्याहून बरंच कडक. मुख्य म्हणजे ते सहसा लोखंडाला चिकटवलेलं नसतं. आर्म हलतो तेव्हा ते नळीवर घासत फिरतं. त्याला ग्रीस लागतं. मराठवाड्यातल्या धुळीत ते ग्रीस एका उन्हाळ्यात कणकेसारखं होतं आणि गाडी जुन्या पाळण्यासारखी कुरकुरायला लागते. जिथे आर्मला एकाच आसाभोवती फिरायचं आहे तिथे ते चालतं तरी; जिथे सांध्याला एकाच वेळी तिरकं, आडवं, उभं असं सगळीकडे वळायचं असतं तिथे ते अडून बसतं आणि जो मार बुशनं खायचा तो आर्मवर आणि सांगाड्यावर जातो. कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गाडी पळवायची असेल तर जरूर घाला. नगर रस्त्यानं पुण्याला जायचं असेल तर नको. आणि थोडा ताठपणा हवाच असेल तर त्याचा उत्तम मार्ग रबरातच आहे: याच घराण्यातल्या ऑडी टीटीला आर्मचा मागचा बुश पोकळ्या नसलेला, भरीव रबराचा येतो आणि तो या गाड्यांना बसतो. कंपनीच्याच लोकांनी वेगवान गाडीसाठी तो निवडला होता. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण तो पॉलीसारखा पिवळा नसतो ना!" आता यावर काय बोलायचं.

बसवण्याचं काम मी उस्तादांच्या शेजारी स्टूल टाकून बघितलं, कारण माझा अनुभव असा, की चांगला बुश बसवतानाच मारला जातो. जुना बुश काढायला गॅसनं रबर जाळायची पद्धत आहे. गल्लीभर काळा धूर, आणि आर्मचं लोखंड तापतं ते वेगळंच. प्रेस असताना त्याची गरज नाही. नवा बुश दाबताना दाब बाहेरच्या नळीवर यायला हवा. आतल्या नळीवर दाबलं तर रबराचा जोड आतल्या आत सुटतो आणि बुश गाडीला लागण्याआधीच मेलेला असतो. दिशाही महत्त्वाची. ज्या मोठ्या बुशमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्याच्यावर खूण असते. ती खूण आर्मवरच्या नेमक्या जागी आली नाही तर मऊ बाजू ताठ बाजूच्या जागी जाते. उस्तादांनी जुना काढण्याआधी खडूनं रेघ मारून घेतली. एका बाजूचा फाटला होता, बदलले दोन्ही बाजूंचे. एक नवा आणि एक जुना असला की गाडी ब्रेकला तिरकी जाते, मग पुन्हा 'काम बरोबर झालं नाही' म्हणून भांडण.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं लोंबकळतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. कारागीर त्याच स्थितीत सगळे बोल्ट आवळून टाकतो. हात पुरतो, उजेड असतो, काम संपतं. पण बोल्ट आवळला त्या क्षणी आतली नळी सांगाड्याला कायमची बांधली गेली. आता गाडी खाली घेतली की वजनानं आर्म वर येतो आणि रबर पिळलं जातं. गाडी अंगणात नुसती उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं. रस्त्यावर चाक वर उसळलं की त्या पिळावर आणखी पीळ. नवाकोरा, चांगल्या कंपनीचा बुश वर्षा-दोन वर्षांत फाटतो आणि मालक म्हणतो, 'हल्लीच्या मालात दम नाही.' मालात दम होता. बोल्ट लोंबकळत्या चाकांवर आवळले होते.

बरोबर पद्धत अशी: बोल्ट आधी फक्त बसते करायचे, गाडी तिच्या चाकांवर उभी करायची किंवा आर्मखाली जॅक देऊन वजन त्याच्यावर आणायचं, आणि मग शेवटचं आवळायचं. खड्डा असलेलं गॅरेज असेल तर सोपंच; गाडी खड्ड्यावर उभी, माणूस खाली. विशेषतः ज्या बुशचा बोल्ट आडवा असतो, त्याला हे चुकवून चालत नाही. कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तकांत हे लिहिलेलं असतं. आमच्या कारखान्यात 'लवकर फाटला' म्हणून परत आलेल्या मालात एकाच बाजूला पिळून फाटलेले बुश मी एवढे पाहिले आहेत, की नुसत्या फाट्यावरून सांगू शकते, हा बुश लिफ्टवर आवळला होता. तरीही परतीचा शिक्का आमच्याच नावावर पडायचा.

आता जरा सरकारकडे वळते. खासगी मोटारीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याचं शुल्क ६०० रुपये होतं, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं. दिल्लीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानं १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी वयावरूनच बाद ठरवली होती. धुराबद्दलची काळजी मला समजते. पण सगळा विचार वर्षांच्या आकड्यावर होतो. माझ्या मते सात वर्षांची, फाटलेल्या बुशांची आणि शंभरच्या वेगानं समृद्धी महामार्गावरून जाणारी गाडी ही वीस वर्षांच्या नीट ठेवलेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची. ब्रिटनमध्ये तीन वर्षं झालेल्या मोटारीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तीत सस्पेन्शनचे बुश आणि जॉइंट बघतात. प्रमाणाबाहेर झिजलेले निघाले तर गाडी नापास, मग ती कितीही नवी का असेना. जर्मनीत साधारण दर दोन वर्षांनी तपासणी असते. आपल्याकडे शुल्क वाढवताना त्या बदल्यात कुणीतरी टॉमी घेऊन गाडीखाली जाईल, एवढी तरी अट घालता आली असती. मी पाच हजार आनंदानं देईन. बदल्यात माझी गाडी खरोखर तपासा.

कंपन्यांचा हिशेब वेगळाच. अनेक नव्या गाड्यांना बुश सुटा मिळतच नाही. अख्खा आर्म घ्या म्हणतात. शंभर ग्रॅम रबरासाठी किलोवारी चांगलं लोखंड भंगारात. स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नव्हती. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, मोटारींचाही त्यात समावेश आहे. पोर्टल छान दिसतं. माझ्या उस्तादांना मात्र आजही बोल्ट कितीवर आवळायचा हा आकडा ओळखीच्या पोराकडून मोबाइलवर मागवावा लागतो.

रस्त्यांबद्दल बोलायला लागले तर जागा पुरणार नाही, म्हणून एकच. इंडियन रोड्स काँग्रेसनं स्पीडब्रेकर कसा असावा हे लिहून ठेवलंय: ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीला हलकेच उचलून ठेवणारा. आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर असते ती रात्रीतून टाकलेली दीड फुटाची डांबराची उभी वळ. त्यावर आदळणाऱ्या प्रत्येक चाकाचा मार आधी त्या रबरावर जातो. अपघात रोखायला टाकलेली ती वळ गाड्यांची ब्रेकवरची पकड हळूहळू सैल करत असते, हे ग्रामपंचायतीत कोण सांगणार?

बुश बदलून झाल्यावर मी गाडी कन्नडच्या घाटापर्यंत नेऊन आणली. स्टेअरिंग वळवलं तेवढंच वळलं. ब्रेकला सरळ थांबली. टक नाही, खट नाही. उस्तादांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "हौ ताई, गाडी तो पहलेसेच अच्छी थी."

तुमची गाडी कामाला जाईल तेव्हा कारागिराला तीन गोष्टी सांगा, नम्रपणे पण उभं राहून सांगा. शॉकचं नाव काढण्याआधी टॉमी घालून बुश दाखव. जुना बुश माझ्या हातात दे. आणि शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळ.